मदत हवी आहे: ॲस्पिरिन ७५ चालू असताना आयबुप्रोफेन किती अंतराने?

कर्वेनगरकर: बाबा ६८ वर्षांचे, अँजिओप्लास्टी झालेली. सकाळी ॲस्पिरिन ७५ (आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाची), शिवाय रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन ४० + हायड्रोक्लोरोथायाझाइड १२.५ (लघवी वाढवणारं औषध). गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेली आयबुप्रोफेन ४०० + पॅरासिटामॉल ३२५ ची गोळीही घेतात. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन दोन्ही कॉक्स हे एन्झाइमच अडवतात, मग गुठळीचा धोका आणखी कमी व्हायला हवा ना? दुकानदार म्हणतो, अंतर ठेवा.

बिंबाणू: दुकानदाराचं बरोबर आहे, परिणाम उलटा होतो. पेशीपटलातून सुटलेलं ॲराकिडोनिक ॲसिड (एक मेदाम्ल) कॉक्सच्या अरुंद बोगद्यात शिरतं आणि त्याचं पीजीएच-२ हे मधलं रसायन बनतं. त्यापासून प्लेटलेटमध्ये (रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म पेशींमध्ये) थ्रॉम्बॉक्सेन तयार होतं, म्हणजे गुठळीला चालना. ॲस्पिरिन या बोगद्यातल्या सेरीन या अमिनो आम्लाला ॲसिटिल गट कायमचा चिकटवतं. प्लेटलेटला केंद्रक नसतं, नवं कॉक्स बनवता येत नाही. तिचे उरलेले दिवस तसेच जातात. एवढी छोटी मात्रा दिवसातून एकदा पुरते ती यामुळे.

आयबुप्रोफेन त्याच बोगद्यात बसतं, पण काही तासांपुरतंच. ते आधी बसलं तर ॲस्पिरिन सेरीनपर्यंत पोचत नाही. रक्तातलं ॲस्पिरिन तर दर १५-२० मिनिटांत निम्मं होतं, आणि त्यातून उरणाऱ्या सॅलिसिलेटकडे चिकटवायला ॲसिटिल गटच नसतो. आयबुप्रोफेन उठून गेलं की प्लेटलेट पुन्हा मोकळ्या.

साधी ॲस्पिरिन असेल तर आधी ती, मग किमान ३० मिनिटांनी आयबुप्रोफेन. आयबुप्रोफेन आधी झालं असेल तर ॲस्पिरिन ८ तासांनंतर. आवरणाची गोळी मात्र रक्तात उशिरा उतरते, कधी ते सांगता येत नाही. त्यामुळे बाबांसाठी या ३० मिनिटांवर अजिबात विसंबू नका.

कर्वेनगरकर: मग डायक्लोफेनॅक देऊ का? सोबत पॅन्टोप्राझोल?

नेफ्रॉन: नको. डायक्लोफेनॅक ॲस्पिरिनची वाट फारशी अडवत नाही, पण हृदयविकाराचा धोका स्वतःच वाढवतं. त्याने कॉक्सचा दुसरा प्रकार, कॉक्स-२, दबला की रक्तवाहिनीच्या अस्तरातलं, गुठळी रोखणारं प्रोस्टासायक्लिन घटतं. रोफेकॉक्सिब हे कॉक्स-२ दाबणारं वेदनाशामक २००४ मध्ये बाजारातून मागे घेतलं गेलं ते हृदयविकाराच्या धोक्यामुळेच. पॅन्टोप्राझोल जठराला जपतं, मूत्रपिंडाला नाही.

मला खरी काळजी मूत्रपिंडाची वाटते. ग्लोमेरुलसकडे (मूत्रपिंडातल्या रक्त गाळणाऱ्या जाळीकडे) रक्त आणणारी धमनिका कॉक्समुळे बनणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनमुळे सैल राहते. आयबुप्रोफेनसारखं वेदनाशामक ती आवळतं. बाहेर जाणारी धमनिका टेल्मिसार्टनने सैल झालेली, आणि लघवीच्या औषधाने अंगातलं पाणी कमी. तिन्ही मिळून गाळण्याचा दाबच पडतो. जुलाब-उलट्या झाल्या किंवा एप्रिल-मेच्या उन्हात पाणी कमी पडलं तर क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट गाळत नसल्याची रक्तातली खूण) झपाट्याने चढतं.

आयबुप्रोफेन-पॅरासिटामॉलची ही जोडगोळी थांबवा आणि बाबांच्या डॉक्टरांना आजच फोन करा. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्या. यकृत ठीक असेल तर नुसतं पॅरासिटामॉल ५०० किती वेळा चालेल तेही विचारा. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते बेरजेत धरा. गुडघ्यावर डायक्लोफेनॅकचं १ टक्का जेल चालेल का हेही विचारून ठेवा, तोंडी गोळीच्या मानाने ते रक्तात फार थोडं उतरतं. ॲस्पिरिन मात्र आपल्या मनाने एक दिवसही चुकवू नका. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर वाट न बघता थेट दवाखाना गाठा.