मदत हवी आहे: अ‍ॅशमन की टिम राइस?

इंदूरकर मंडळी, गणेशोत्सवात कॉलनीतली पोरं अ‍ॅनिमेशनपटांच्या गाण्यांचा कार्यक्रम बसवताहेत आणि निवेदन माझ्या गळ्यात पडलंय. गाडी ‘अलादीन’पाशी (1992) अडकली आहे. त्याचे गीतकार हॉवर्ड अ‍ॅशमन 1991 मध्येच गेले, मग राहिलेली गाणी टिम राइस यांनी लिहिली. जिनीचं ‘फ्रेंड लाइक मी’ अ‍ॅशमनचं: यमकावर यमक, गाणाऱ्याला श्वास घ्यायला जागा नाही. राइस यांचं ‘अ होल न्यू वर्ल्ड’ लांब स्वरांवर निवांत तरंगतं. (दोघेही नाटकवाले, तरी केवढा फरक!) मला अ‍ॅशमनच उजवे वाटतात. पण राइस यांच्या बाजूने ‘लायन किंग’मधलं कुठलं गाणं घेऊ? आणि गुलजारांचं ‘जंगल जंगल बात चली है’ मालिकेचं असलं तरी घुसवावं का? राजवाड्याजवळ भेटून कुणी समजावणार असेल, तर पोहे-जलेबी माझ्याकडून.