मोटर बंद करायला अलार्म पुरत नाही

खालच्या टाकीतलं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवणारी मोटर बंद करायला विसरून पाणी वाया जाऊ नये, म्हणून ती चालू करताना मोबाईलवर वीस मिनिटांचा अलार्म लावावा, असं काहीजण सुचवतात. पटत नाही. अलार्म वाजतो तेव्हा माणूस घरापासून लांब, नाशिकच्या द्वारका सिग्नलला असला तर अलार्म बंद करण्यापलीकडे काय करणार? शिवाय वीस मिनिटं हा आकडा रोज खरा ठरत नाही. खालच्या टाकीत पाणी किती आणि वरची आधीच किती भरलेली, यावर तो बदलतो. शहराला पाणी देणाऱ्या गंगापूर धरणात पाणी असलं तरी मे महिन्यात नळाचा दाब कमी आला की खालची टाकी अर्धीच भरते, आणि विसरलेली मोटर मग कोरडी फिरून पंपातलं पाणी अडवणारं सील जाळते. वाया गेलेल्या पाण्यापेक्षा हे महागात पडतं.

आठवणीचा भार माणसावर टाकूच नये. दोन फ्लोट स्विच, म्हणजे पाण्याच्या पातळीबरोबर वर-खाली होणारे तरंगते स्विच, लावा: वरच्या टाकीतला ती भरल्यावर मोटरची वीज तोडणारा, खालच्यातला ती रिकामी झाल्यावर तोडणारा. दोन्ही सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडा, पण थेट मोटरच्या लाईनवर नको, कॉन्टॅक्टरच्या (मोटरचा जड करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विजेवर चालणाऱ्या स्विचच्या) कॉइलवर घ्या. मोटर सुरू होतानाचा करंट नेहमीच्या कित्येक पट असतो, त्याने फ्लोटचे कॉन्टॅक्ट चिकटतात. फ्लोटच्या केबलवर अडकवायचं वजन फ्लोटच्या फार जवळ बांधलं तर मोटर सारखी चालू-बंद होते, म्हणून अंतर निदान एक वीत ठेवा. केबलचा जोड पाण्याबाहेरच हवा, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की सप्लाय तोडणारा स्विच) हवाच. बोअरचं पाणी असेल तर क्षार बसून फ्लोट जड होतो. टाकी धुताना तोही पुसून घ्या.