मार्कंडेय नदीच्या काठाकाठानं सायकलवर जायचं तर सुरुवात कुठून?

सायकलवाला, टिळकवाडी
आम्ही बेळगावचे दोघं-तिघं उगमापासून गोकाकपर्यंत मार्कंडेयच्या काठानं जायचं म्हणतोय. नकाशात राकसकोप धरणाच्या वर नदीची रेघ हरवतेच. कोण म्हणतं उगम तुडयेत, कोण म्हणतं बैलूरला. काठानं रस्ता आहे का? जुलैत चालेल की दिवाळीनंतर?

आंबेवाडीचा शेतकरी
उगम खानापूर तालुक्यात, बैलूरच्या डोंगरात. तुडये राकसकोपला लागून, म्हणून घोटाळा होतोय. तुडये आता चंदगड तालुक्यात, महाराष्ट्रात. पण १९५६ पर्यंत चंदगडसुद्धा बेळगाव जिल्ह्यातच होतं. तुमच्या बेळगावच्या नळाला येणारं पाणी, हिडकल धरणाचं सोडलं तर, ह्याच नदीचं. राकसकोपहून हिंडलग्याला पंप होऊन लक्ष्मीटेकडीवर जातंय.

काठानं सलग रस्ता नाही ओ. उचगाव, आंबेवाडी, अलतगा, कंग्राळी, काकती असं गाव धरत या, मध्ये शिवारातल्या वाटा. वाट ओली असली की काळी माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये अशी बसते की काडीनं उकरत बसायचं.

जुलैत नकोच. राकसकोपची पातळी २४७५ फुटांवर गेली की दरवाजे उघडतात. आमच्याकडं ऊन का पडेना, वर पाऊस लागला की पाणी शिवारात शिरतंय. आलं आणि गेलं तर भात सोसतंय. पण पात्रात गाळ आणि जलपर्णी, त्यामुळं पाणी तुंबतंय. तसं चार-पाच दिवस राहिलं की लावलेलं रोप कुजतं. वरनं हिरवं दिसलं तरी धरून ओढलं की मुळं खालीच राहतात, नुसती काडी हातात. मग दुबार लावणी, तीही रोप मिळालं तर. दिवाळीनंतर या.

गोकाककर
काकतीच्या खालचं राहिलंच. यमकनमर्डीजवळ शिरूरचं धरण, पुढं गोडचिनमलकीचा धबधबा. दोन टप्पे आहेत, एक साधारण २५ मीटरचा, दुसरा १८. बेळगावची माणसं गोकाकचा धबधबाही मार्कंडेयचाच समजतात. तो घटप्रभेचा, ५२ मीटर. गोकाकजवळ मार्कंडेय घटप्रभेला मिळते आणि तिच्यातनं बागलकोट जिल्ह्यात कृष्णेला. दिवाळीनंतर आलात तर गोडचिनमलकीला नुसते खडक बघून जाल. ऑगस्ट-सप्टेंबरात या.

सायकलवाला, टिळकवाडी
मग दोन भाग करतो. सप्टेंबरात खालचा, दिवाळीनंतर वरचा. सुगीत शिवारातनं जाऊ देतील ना?

आंबेवाडीचा शेतकरी
जावा की. पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, वाळत घातलेलं असतंय, त्यावरनं सायकल घालू नका म्हणजे झालं. आणि बैलूरकडनं दिवस मावळायच्या आत खाली उतरा, तिकडं अस्वलं आहेत.