शेतात राबूनही वजन वाढतेच आहे. गावच्या डॉक्टरांना दाखवावे का?

प्रश्न (दारव्हा तालुका)
माझे वय 42, उंची 152 सेंटीमीटर आणि वजन 74 किलो आहे. तेही कापसाच्या काट्यावर उभी राहिले तेव्हा कळले. निंदण-वेचणीच्या दिवसांत अंग हलते, पण होळीनंतर मृगापर्यंत बसणेच होते आणि गुडघे बोलू लागतात. शेजारच्या गावातील एक बाई डब्यातली पावडर देऊन महिन्यात दहा किलो उतरवण्याची हमी देतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर लठ्ठपणासाठी काही करतात, की सर्दी-तापापुरतेच असतात?

उत्तर (आशा सेविका, म्हणजे गावातील आरोग्य कार्यकर्ती, दर्यापूर तालुका)
ताई, पावडर आधी बाजूला ठेवा. 30 वर्षांवरील प्रत्येकाचा आजारांच्या जोखमीचा तक्ता आम्ही भरतो आणि त्यात कमरेचा घेरही मोजतो. बाईचा घेर 80 आणि पुरुषाचा 90 सेंटीमीटरच्या पुढे गेला की जोखीम धरतात. तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) 32 येतो, आणि आपल्याकडे 25 पासूनच लठ्ठपणा मानला जातो. डॉक्टर रक्तदाब व साखर पाहतील, गरज वाटल्यास थायरॉइडची तपासणी सांगतील. गुडघ्यांसाठी कोणाच्या सांगण्यावरून गोळ्या घेत असाल, तर त्यांची पाकिटे आवर्जून न्या, कारण त्यांत स्टिरॉइड असले तर वजन त्यानेही वाढते. मात्र त्या गोळ्या मनाने एकदम बंद करू नका.

उत्तर (वर्धा जिल्हा)
आमच्या डॉक्टरांनी माझी भाकर बंद केली नाही, तेलाचा पिपा किती दिवस पुरतो एवढेच विचारले. चौघांच्या घरात 15 किलोचा पिपा अडीच महिन्यांत संपत असे, म्हणजे माणशी रोज 50 ग्रॅम, आणि नुसत्या तेलाच्याच 450 कॅलरी! गोळाभातावर फोडणीचे तेल मी वाटीने ओतत असे. आता चमच्याने घेतो. (पहिले पंधरा दिवस जेवण बेचव लागले, हे खोटे सांगत नाही.) आता पिपा साडेचार महिने पुरतो. त्याला रोजच्या चालण्याची जोड दिली, तेव्हा आठ महिन्यांत 88 चे 82 किलो झाले आणि रक्तदाबाची एक गोळी डॉक्टरांनीच कमी केली.

प्रश्नकर्ती
गोळ्या शोधल्या, एका पुडीवर नावच नाही. मंगळवारी ती घेऊन केंद्रात जाते. यांचाही घेर टेपने मोजला, तो 98 निघाला, त्यामुळे तेही सोबत येणार आहेत.