लागोपाठच्या दोन सफरी: केबिन एकच ठेवावी की मध्येच बदलावी?

प्रतापनगर (धाग्याची सुरुवात; येथे प्रत्येक जण नागपुरातील आपल्या वस्तीच्या नावाने लिहितो)

येत्या मे महिन्यात आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी आणि माझे आईवडील, सिंगापूरहून निघणाऱ्या एकाच जहाजाच्या लागोपाठ दोन सफरी करणार आहोत. पहिली सफर ४ रात्रींची असून ती मलेशियातील पिनांग आणि थायलंडमधील फुकेतला जाऊन परत सिंगापूरला येते. दुसरी ३ रात्रींची, मलेशियातल्याच पोर्ट क्लांगपर्यंतची. नागपूरकराला समुद्र गाठण्यातच इतका वेळ आणि पैसा लागतो की एवढे दूर जाऊन चौथ्या रात्रीनंतर परतीचे विमान धरणे जिवावर येते, म्हणून दोन सफरी जोडून घेतल्या.

प्रश्न केबिनचा आहे. जहाज तेच असले तरी दोन्ही सफरींची नोंदणी वेगवेगळी होते, त्यामुळे दुसऱ्या सफरीत तीच केबिन मिळेलच असे नाही. आमच्या एजंटने जवळपास सारख्याच खर्चाचे दोन पर्याय दिले आहेत. एक, सातही रात्री खिडकीच्या त्याच दोन केबिन. दुसरा, पहिल्या चार रात्री बाल्कनीच्या केबिन आणि नंतरच्या तीन रात्री आतल्या, बिनखिडकीच्या. माझे मत पहिल्या पर्यायाच्या बाजूने आहे आणि त्याला कारण अनुभवाचे आहे.

तीन वर्षांपूर्वी बार्सिलोनाहून सात-सात रात्रींच्या दोन सफरी आम्ही अशाच जोडून केल्या होत्या आणि मध्ये केबिन बदलली होती. त्या दिवशी सकाळी सामान बांधून ठेवा, आम्ही नव्या केबिनमध्ये पोचवतो, असे सांगण्यात आले. आम्ही शहर पाहून दुपारी परतलो, तेव्हा कपडे आणि सूटकेसा नव्या केबिनमध्ये होत्या, पण आईच्या इन्सुलिनची पेने जुन्या केबिनच्या लहान फ्रिजमध्येच राहिली होती. तोपर्यंत तेथे दुसरे कुटुंब राहायला आले होते. पेने सापडून हातात येईपर्यंत तीन तास गेले आणि त्या तीन तासांत आईचा चेहरा कसा झाला होता ते मी विसरू शकत नाही. चूक कोणाची याचा निवाडा मला करायचा नाही. मी इतकेच म्हणतो की जे हलवलेच नाही ते हरवत नाही. ज्यांनी केबिन बदलली आहे त्यांनी आपले मत अवश्य मांडावे.

धंतोली

मी आपल्याशी सहमत नाही. आम्ही पतिपत्नींनी तीनदा लागोपाठच्या सफरी केल्या आणि त्यांपैकी दोनदा केबिन बदलली. हे काम ऐकताना वाटते तितके मोठे नसते. हँगरवरचे कपडे हँगरवरच राहतात आणि कर्मचारी ते तसेच नव्या कपाटात नेऊन लावतात. खणांतले आणि न्हाणीघरातले सामान तेवढे आपण बॅगेत भरायचे असते. जुने प्रवासी उतरून नवे चढण्यापूर्वीच्या दोन-तीन तासांत जहाज जवळजवळ रिकामे असते, आणि पुढच्या सफरीचे कार्ड (केबिनची किल्ली आणि जहाजावरची ओळख) हाती असलेल्यांना जहाजावर परतून तो निवांतपणा अनुभवता येतो. नवी केबिन साधारण दुपारी एकच्या सुमारास तयार होते. घर बदलण्याच्या दृष्टीने पाहाल तर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणे, एवढेच ते आहे.

त्याच्या मोबदल्यात काय मिळते ते पाहा. पहिल्या चार रात्री जहाज मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जाणार आहे. जगातील सर्वांत गजबजलेल्या जलमार्गांपैकी तो एक आहे. रात्री बाल्कनीत बसले की तेलवाहू आणि मालवाहू जहाजांच्या दिव्यांची रांग क्षितिजापर्यंत दिसत राहते. पिनांगला जहाज जॉर्ज टाऊन शहराच्या अगदी अंगाशी येऊन लागते, त्या जुन्या शहराला २००८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आहे. ज्या सफरीत पाहण्यासारखे अधिक आहे तेथे बाल्कनी घ्यावी, आणि ज्या सफरीत एकच बंदर आहे तेथे आतली केबिन पुरते. बंद खिडकीतून समुद्र दिसतो, पण त्याचा वारा लागत नाही. ज्यांच्या वाट्याला समुद्र वर्षातून एकदाही येत नाही अशा आपल्यासारख्यांनी तरी त्या वाऱ्यासाठी अर्ध्या दिवसाची गैरसोय सोसावी, असे मला मनापासून वाटते.

सक्करदरा

धंतोलीच्या ताईंचा अनुभव दोघांचा आहे आणि दोघेही हिंडतेफिरते असावेत. माझा अनुभव माझ्या वडिलांचा आहे. ते ७६ वर्षांचे होते आणि त्यांना विसरभोळेपणाची सुरुवात झालेली होती. मोठ्या जहाजाची लांबी ३०० मीटरहून अधिक असते, मार्गिका एकसारख्या, गालिचे एकसारखे, दारे एकसारखी. पहिल्या तीन दिवसांत वडिलांनी स्वतःची वाट पाठ केली होती: लिफ्टमधून बाहेर पडायचे, उजवीकडे वळायचे, आणि ज्या दारावर आईने लोहचुंबकाने छोटे तोरण लावले आहे ते आपले. (जहाजाची दारे आणि भिंती बहुधा पोलादी असल्याने चुंबक चिकटतो, हे येथे अनेकांच्या उपयोगी पडेल.) पाचव्या दिवशी आम्ही केबिन बदलली. तोरण नव्या दारावर लावले, पण वडिलांचे पाय जुन्याच दाराकडे जात राहिले. रात्री दोन वाजता ते जुन्या केबिनचे दार ठोठावत उभे होते आणि आत अनोळखी माणसे होती. त्या माणसांनी त्यांना अतिशय आदराने वागवले, त्यांचे ऋण मी मानतो. पण वडील त्यानंतर उरलेल्या सफरीत एकटे बाहेर पडले नाहीत. तीन दिवसांत त्यांनी कमावलेला आत्मविश्वास आमच्या बाल्कनीच्या हौसेने गेला.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. आणीबाणीत कोठे जमायचे ती जागा सहसा केबिनवरून ठरते आणि ती केबिनच्या कार्डावर छापलेली असते. केबिन बदलली की पुष्कळदा ती जागाही बदलते. १३ जानेवारी २०१२ रोजी कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळून कलंडले आणि ३२ माणसे मरण पावली. त्या संध्याकाळी जहाजावर चढलेल्या प्रवाशांची सुरक्षा कवायत झालेलीच नव्हती, कारण ती २४ तासांच्या आत घ्यावी, अशी मुभा तेव्हाच्या नियमात होती. पुढे नियम बदलला आणि १ जानेवारी २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले. अंधारात, गोंधळात माणूस विचार करून चालत नाही, सवयीने चालतो. वृद्ध माणसाला चार दिवसांत लागलेली सवय मोडून पुन्हा नवी लावायला सांगणे मला योग्य वाटत नाही.

धंतोली

आपल्या वडिलांचा प्रसंग वाचून वाईट वाटले आणि अशा स्थितीत केबिन बदलू नये हे मी मान्य करते. पण कवायतीचा मुद्दा मला पटत नाही. केबिन तीच ठेवली तरी दुसऱ्या सफरीची कवायत सहसा पुन्हा करावी लागते, आणि त्याच वेळी नवी जागा पायाखालून घालता येते. शिवाय प्रतापनगरच्या भाऊंनी आपल्या आईवडिलांना विसर पडतो असे कोठेही लिहिलेले नाही. वय झाले म्हणजे माणसाची नवी वाट शिकण्याची ताकद गेली, असे आपण मुलांनीच परस्पर ठरवून टाकतो काय?

रामदासपेठ

मी परिचारिका म्हणून २२ वर्षे काम केले आहे, म्हणून फक्त इन्सुलिनपुरते लिहिते. न उघडलेली पेने २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवायची असतात. वापरात असलेले पेन मात्र साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालते, नेमके दिवस त्या औषधाच्या वेष्टनावर दिलेले असतात. केबिनमधला लहान फ्रिज पुष्कळदा खरा फ्रिज नसून पेये थंड ठेवण्याची पेटी असते आणि तिचे तापमान भरवशाचे नसते. जहाजाच्या दवाखान्याला आधी कळवले तर ते साठा ठेवून घेतात किंवा व्यवस्था करून देतात. त्यामुळे चालू पेन, सुया, ग्लुकोमीटर, साखर आणि डॉक्टरांची चिठ्ठी एका लहान पिशवीत घालून ती सदैव अंगावर बाळगावी, आणि जहाजाबाहेर पडताना तर हमखास. ही शिस्त पाळली तर केबिन बदलल्याने इन्सुलिन हरवण्याचे कारण नाही, आणि पाळली नाही तर केबिन न बदलताही धोका आहे. बंदरात उतरून परतायला उशीर झाला तर आई काय करतील, याचा विचार भाऊंनी केबिनच्या आधी करावा.

महाल

या चर्चेत एका माणसाचा विचार कोणीच केलेला नाही, तो म्हणजे केबिनची साफसफाई करणारा कर्मचारी. प्रवासी बदलण्याचा दिवस हा त्याच्यासाठी सर्वांत कष्टाचा दिवस असतो. सकाळी काही तासांत त्याच्या वाट्याच्या सगळ्या केबिन रिकाम्या करून, चादरी बदलून, न्हाणीघरे घासून दुपारी नव्या माणसांसाठी उभ्या करायच्या असतात. आपण त्याच केबिनमध्ये राहिलो तर त्याच्या यादीतली एक केबिन हलकी होते. आपण बदलली तर दोन्ही केबिन पूर्ण आवराव्या लागतात, आणि आपले हँगर, बॅगा, चपला वाहून नेण्याचे काम वर चढते. माझा भाचा सहा वर्षे जहाजावर हे काम करत होता. करार संपून सुटीवर आला की पहिले आठ दिवस तो फक्त झोपत असे. आपल्या घरी काम करणाऱ्या बाईंना दिवाळीच्या सकाळी आपण जास्तीचे काम सांगत नाही, तसेच हे आहे.

धंतोली

महालच्या काकांचा मुद्दा रास्त आहे आणि मी त्याचा विचार केला नव्हता. यापुढे आम्ही बदललो तर सामान आदल्या रात्री स्वतः भरू आणि जमेल तेवढे स्वतः नेऊ. दोन्ही कर्मचाऱ्यांना स्वतंत्र बक्षिसी आम्ही देतोच.

सीताबर्डी

गेली काही वर्षे मी प्रवासाच्या नोंदण्या करतो, त्यामुळे बाजू न घेता चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. लागोपाठच्या सफरींची नोंदणी एकाच बैठकीत करावी. पहिली आज आणि दुसरी महिन्याने केली तर तीच केबिन उरलेली असेल याची खात्री नसते. ज्या स्वस्त दरात केबिनचा प्रकार ठरतो पण क्रमांक कंपनी मागाहून देते, तो दर आपल्यासारख्यांनी घेऊ नये, कारण मग केबिन बदलेल की नाही हे आपल्या हातात राहत नाही. जहाजाचा मजलानिहाय नकाशा अवश्य पाहावा. जलतरण तलावाच्या खालच्या मजल्यावर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, आणि अगदी पुढच्या टोकाला नांगर सोडल्याचा. ज्यांना बोट लागते त्यांनी मध्यभागी आणि खालच्या बाजूला केबिन घ्यावी, तेथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. मेच्या उत्तरार्धात अंदमानच्या समुद्रावर मोसमी वारे पोचू लागतात, तेव्हा फुकेतच्या बाजूला समुद्र थोडा खवळलेला मिळू शकतो. सफर महिन्याच्या सुरुवातीची असेल तर बरे. आणि केबिन बदलो वा न बदलो, दुसऱ्या सफरीसाठी नवे कार्ड मिळते आणि पहिल्या सफरीतला खर्च तेथे चुकता होतो. प्रवासी बदलताना सगळ्यांना जहाजाबाहेर पडून पुन्हा यावे लागेल की नाही हे बंदराच्या नियमांवर अवलंबून असते. अमेरिकेच्या बंदरांत तर सहसा साऱ्यांना उतरवून जहाज पूर्ण रिकामे झाल्याची खात्री केली जाते. तेव्हा वृद्धांसाठी त्या सकाळी खुर्ची आणि नाश्ता यांची सोय आधीच पाहून ठेवावी. सिंगापूरचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, हेही पाहावे, कारण आपण चौथ्या रात्रीनंतर पुन्हा तेथेच परतणार आहात.

प्रतापनगर

सर्वांचे मनापासून आभार. रामदासपेठच्या ताईंचे म्हणणे मला बोचले, पण ते खरे आहे. मी तीन वर्षे केबिनला दोष देत आलो, आणि पिशवी अंगावर असती तर तो प्रसंग घडलाच नसता. आजच आईसाठी कमरेला बांधायची पिशवी आणली आहे.

धंतोलीच्या ताईंच्या प्रश्नाने मात्र मी अडखळलो. आईवडिलांना मी विचारलेच नव्हते. काल रात्री जेवणानंतर त्यांना हा धागा सुरुवातीपासून वाचून दाखवला. बाबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले की त्यांना बाल्कनी हवी आहे. ते रेल्वेत नोकरीला होते, उभ्या हयातीत त्यांनी नागपूर ते मुंबई हा प्रवास कितीदा केला याची गणती नाही, पण समुद्राकाठी निवांत बसणे त्यांना कधी जमले नाही, कारण दर वेळी संध्याकाळची गाडी असे. आईने मात्र स्पष्ट सांगितले की एकदा खणात देव मांडले की सात दिवस ती ते हलवणार नाही. म्हणजे दोघांनाही हवे ते द्यायचे तर एजंटने दिलेल्या दोन पर्यायांपैकी एकही चालत नाही.

म्हणून आता असे ठरते आहे: आईवडिलांना सातही रात्री बाल्कनीची एकच केबिन, आणि आम्ही दोघे सातही रात्री त्याच मार्गिकेत त्यांच्या समोरच्या आतल्या केबिनमध्ये. खर्च थोडा वाढेल आणि आमची खिडकी जाईल, पण दोन्ही दारे समोरासमोर राहतील. महालच्या काकांच्या भाच्यासारख्या एखाद्या मुलाचे त्या दिवशीचे कामही थोडे कमी होईल.

धंतोली

व्यवस्था उत्तम आहे. तरीही आपल्या जागी मी असते तर तुम्हा दोघांसाठी पहिल्या चार रात्री बाल्कनीच घेतली असती आणि नंतर आत गेले असते, कारण तुम्हीही समुद्र पाहायलाच निघाला आहात.

सीताबर्डी

पैसे भरण्यापूर्वी दोन्ही सफरींच्या नोंदणीपत्रांवर दोन्ही केबिनचे क्रमांक सारखेच छापलेले आहेत ना, हे स्वतः डोळ्यांनी पाहून घ्यावे. तोंडी आश्वासनावर राहू नये.