डोंगरउतारावरचं घर: उतार कापून सपाटी करावी की खांबांवर उभं करावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

उष्ण कटिबंधातल्या एका बेटावर, समुद्राकडे उतरणाऱ्या डोंगराच्या अंगावर आम्ही घर बांधायला घेतोय. अक्षांश साधारण १२ उत्तर. आर्किटेक्टने पहिले आराखडे दिलेत आणि त्यातली मुख्य गोष्टच माझ्या मनाला काही केल्या पटत नाहीये. पंधरा दिवसांत होकार-नकार कळवायचाय, म्हणून सविस्तर लिहिते. इथे स्ट्रक्चरल इंजिनिअर, आर्किटेक्ट किंवा स्वतः उतारावर घर बांधलेले कुणी असतील तर कृपया वेळ काढून वाचा.

रस्ता प्लॉटच्या वरच्या कडेने जातो. तिथून जमीन पश्चिमेला समुद्राकडे उतरते, उतार सुमारे २२ अंश, म्हणजे ३० मीटर पुढे गेलं की १२ मीटर खाली. आराखड्यात घर प्लॉटच्या मधोमध आहे. त्यासाठी १४ मीटर खोल (म्हणजे उताराच्या दिशेने आत) आणि १३ मीटर लांब सपाटी कापायची, मागे जवळजवळ साडेपाच मीटर उंच रिटेनिंग वॉल, म्हणजे माती अडवणारी भिंत, आणि निघालेली ५०० घनमीटर माती खालच्या बाजूला ओतून बाग. घर बैठं, एका पातळीवर, पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच. कागदावर फार देखणं दिसतं.

एक पातळी मीच मागितली होती, हेही सांगायला हवं. आईचे दोन्ही गुडघे गेलेत. स्वयंपाकघर, तिची खोली, बाथरूम आणि बसायची जागा यांच्यात एकही पायरी नको, ही माझी पहिली अट होती आणि ती सोडायची नाही.

पण मागच्या पावसाळ्यात आम्ही जमीन तपासायला तीन खड्डे घेतले. वर दीड मीटर लाल माती, मग मुरूम, त्याखाली झिजलेला कातळ. दोन दिवस पाऊस पडून गेल्यावर मी मधल्या खड्ड्यात उतरले. माती आणि मुरूम जिथे भेटतात त्या सांध्यातून पाणी झिरपत होतं. बोट लावलं तर बोटाच्या दोन्ही बाजूंनी बारीक धार सुरू झाली. पाऊस थांबून तेव्हा सहा तास झाले होते. हे सगळं पाणी उद्या त्या साडेपाच मीटर भिंतीच्या पाठीशी येऊन थांबणार, हे तेव्हापासून डोक्यातून जात नाही. आर्किटेक्ट म्हणतात भिंतीत वीप होल, म्हणजे पाणी बाहेर सोडणारी भोकं, ठेवू. तेवढं पुरेल का?

आणखी एक गोष्ट. प्लॉटच्या खालच्या भागातल्या झाडांचे बुंधे मुळाशी समुद्राकडे कललेत आणि मग वळून सरळ वर गेलेत. वरच्या भागातली झाडं सरळसोट आहेत. हे वाऱ्यामुळे असेल का?

मला स्वतःला खांबांवरचं घर हवंसं वाटतं. जमीन आहे तशी राहील, पाणी खालून वाहून जाईल, वारा खेळेल. श्रीलंकेत आर्किटेक्ट जेफ्री बावा यांनी १९९० च्या दशकात कंदलामाला बांधलेलं हॉटेल कड्याला लागून उभं आहे, झाडंवेली अंगावर घेऊन. ते फोटो मी कितीदा तरी पाहिलेत. इमारत मोठी असूनही डोंगर कापल्यासारखा वाटत नाही. आपल्या छोट्या घरात हा विचार आणता येईल का?

काचेबद्दलही विचारायचंय. मी साधा हिशेब केला. सूर्यास्ताच्या सव्वा-दीड तास आधी सूर्य क्षितिजापासून साधारण २० अंशांवर असतो. २.४ मीटर उंच काचेवर तेव्हा पूर्ण सावली हवी तर छप्पर साडेसहा मीटर पुढे काढावं लागेल. म्हणजे वळचण कितीही वाढवली तरी पश्चिमेचं ऊन आत येणारच. मग सरकत्या लाकडी झडपा हाच उपाय का? शिवाय १२ अक्षांशावर एप्रिलअखेरपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडक्यांनाही सावली लागेल, आणि आराखड्यात तिथे काहीच दाखवलेलं नाही.

पोहण्याचा तलावही काढलाय, अगदी बाहेरच्या कडेवर. ८ बाय ३ बाय १.४ मीटर, म्हणजे नुसतं पाणीच ३४ टनांच्या आसपास. तो मी रद्दच करणार आहे.

प्रतिसाद १

तलाव रद्द करताय ते उत्तम. मी उतारावरच्या पायांचीच कामं करतो, म्हणून आधी झाडांबद्दल. बुंधा मुळाशी वाकलेला आणि वर सरळ, हे बहुतेकदा वाऱ्याचं काम नसतं. वाऱ्याने झाडाचा शेंडा आणि फांद्याही एका बाजूला झुकतात. वरची माती वर्षानुवर्षं हळूहळू खाली सरकत असली की झाड कलतं आणि मग पुन्हा सरळ वर वाढतं. खात्री भूतज्ज्ञाकडून करून घ्या, पण तोवर त्या भागावर ५०० घनमीटर माती ओतायचा विचार पूर्ण बाजूला ठेवा. सरकत्या मातीवर वजन टाकणं आणि वर बागेचं पाणी घालणं, याहून वाईट काही नाही.

भिंतीबद्दल तुमची भीती रास्त आहे. मातीचा रेटा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दीड मीटरच्या भिंतीपेक्षा तीन मीटरच्या भिंतीवर चौपट. पाठीमागे पाणी साठलं तर तो आणखी कितीतरी वाढतो. नुसती वीप होल मातीने बुजतात. भिंतीमागे खडीचा थर, त्यावर जिओटेक्स्टाईल (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड), तळाला भोकांचा पाईप, आणि सगळ्यात वर, भिंतीच्याही वर, आडवा चर, म्हणजे डोंगरावरून येणारं पाणी भिंतीपर्यंत पोचण्याआधीच बाजूला वळेल. रिटेनिंग वॉल आणि घराची भिंत एकच करू नका. मध्ये माणूस जाईल एवढी मोकळी जागा हवी, नाहीतर मागच्या खोल्यांना कायमची ओल.

पण खांब म्हणजे सुटका असंही नाही. उतारावर वरचे कॉलम आखूड आणि खालचे लांब होतात. आखूड कॉलम जास्त ताठ असतात, त्यामुळे भूकंपात बराचसा भार तेच ओढून घेतात आणि तेच आधी फुटतात. अशी बरीच बेटं भूकंपाच्या पट्ट्यात असतात, तेव्हा तुमच्या इंजिनिअरला हे स्पष्ट विचारा. पाये सरकत्या मातीत न थांबता कातळात जायला हवेत आणि एकमेकांना बीमने बांधलेले हवेत. उताराच्या माथ्याजवळ वारा जोर धरतो, म्हणून छप्पर चारही बाजूंनी उतरतं ठेवा आणि ते पट्ट्यांनी खाली कॉलमपर्यंत बांधून घ्या. खारी हवा आहे, तेव्हा सळयांवर काँक्रीटचं कव्हर ४५ मिलिमीटरपेक्षा कमी नको आणि उघडे बोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे घ्या.

आता मुख्य गोष्ट. घर मधोमध कशाला? रस्ता वर आहे ना? मग घर रस्त्याजवळ आणा आणि खोल न करता उताराला आडवं, लांबट करा. वरचा मजला रस्त्याच्या पातळीवर. आई गाडीतून उतरून एकही पायरी न चढता-उतरता आपल्या खोलीत जातील. उरलेल्यांच्या खोल्या खालच्या अर्ध्या मजल्यावर.

धागाकर्ती

तुमचे आभार कसे मानू कळत नाही. काल आम्ही पुन्हा जागेवर गेलो आणि रस्त्याच्या कडेपासून टेप सोडून मोजलं. पहिलं वाकलेलं झाड १७ मीटर अंतरावर आहे. रस्त्यापासून ३ मीटर सोडून ८ मीटर खोल आणि १८ मीटर लांब घर धरलं तर बाहेरची कड ११ मीटरवर येते, म्हणजे सगळं घर सरळ झाडांच्या पट्ट्यात बसतं. त्या कडेला जमीन रस्त्यापेक्षा ४.४ मीटर खाली आहे, तेव्हा वरचा मजला रस्त्याच्या पातळीवर ठेवून खाली बाहेरच्या अंगाला एक ओळ खोल्या मावतात, आणि कापणं एक मीटरच्या आत राहतं. रस्ता ते दार असा छोटा पूल येईल, त्याला दोन्ही बाजूंना कठडा. आईला कागदावर दाखवलं. तिने खिडकी कुठे, एवढंच विचारलं.

झडपा पश्चिमेला पूर्ण लांबीभर घालणार आहोत. मागचा चर आणि उताराच्या कडेने वाळ्याच्या ओळी हे बांधकामाच्या आधी, येत्या पावसाळ्यापूर्वीच करून घ्यायचं ठरलंय.

एक प्रश्न मात्र नव्याने उभा राहिलाय. घर वर गेलं की सेप्टिक टँक आणि शोषखड्डा आपोआप खाली जातात, आणि खाली तर तीच वाकलेल्या झाडांची जमीन आहे. तिथे रोजचं पाणी मुरवायचं म्हणजे सरकत्या मातीला आणखी ओल देणं झालं. छपराचंही तेच: १८० चौरस मीटरवर १५० मिलिमीटर पाऊस पडला तर २७,००० लिटर पाणी एका दिवसात. पागोळ्यांचं पाणी तसंच उतारावर सोडायचं नाही, हे नक्की. पावसाच्या पाण्याची टाकी घराखाली कातळावर बसवता येईल असं वाटतं, पण शोषखड्ड्याचं काय करावं? वरच्या सरळ पट्ट्यातच घराच्या एका बाजूला, उताराला आडवे उथळ चर काढून ते पाणी पसरवलं तर चालेल का? घराच्या पायापासून किती अंतर ठेवावं? कुणी असं प्रत्यक्ष केलं असेल तर जरूर लिहा.