पॅलेस्टिनी निर्वासितांचा परतीचा हक्क: स्थानिक संघटना नेमके काय करतात?

मिरजेचा_वाचक

आमच्या अभ्यासमंडळाची पुढची बैठक पॅलेस्टिनी निर्वासितांच्या प्रश्नावर असून प्रास्ताविक मला करायचे आहे. १९४८ साली सात लाखांहून अधिक लोकांना घरदार सोडावे लागले. त्याच वर्षी ११ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव क्रमांक १९४ संमत केला आणि ज्यांना घरी परतून शेजाऱ्यांसह शांततेने राहायचे आहे त्यांना लवकरात लवकर परतू द्यावे, ज्यांना परतायचे नसेल त्यांना मालमत्तेची भरपाई मिळावी, असे म्हटले. इथपर्यंत माझे वाचन झाले आहे, पण पुढे गाडी अडते. ठराव कागदावरच राहिला असताना छावण्यांमधल्या आणि इस्रायलमधल्या स्थानिक संघटनांच्या हाती काय उरते? दरवर्षी १५ मे रोजी जुन्या घरांच्या किल्ल्या घेऊन निघणाऱ्या मिरवणुकांपलीकडे त्यांचा काही कार्यक्रम आहे का? आणि यजमान देशात नोकरीचा किंवा घराचा हक्क मागितल्याने परतीची मागणी सैल होत नाही का?

उत्तररात्र

मिरवणुकीऐवजी इक्रित या गावापासून सुरुवात करावी, असे मी सुचवेन. उत्तर गॅलिलीतले हे ख्रिस्ती गाव नोव्हेंबर १९४८ मध्ये लष्कराने रिकामे केले आणि दोन आठवड्यांत परत आणू, असे गावकऱ्यांना सांगितले. तसे न झाल्याने गावकरी इस्रायलच्याच सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५१ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. मात्र त्याच वर्षी २४ डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या आदल्या दिवशी, लष्कराने गावातली घरे सुरुंगांनी उडवली आणि चर्च तेवढे उभे राहिले. हे लोक इस्रायलचे नागरिक आहेत, कर भरतात, मतदान करतात, न्यायालयाचा निकालही त्यांच्या हाती होता, तरी त्यांना आपल्याच देशात काही मैलांवरच्या गावी राहायला जाता आलेले नाही. त्यामुळे परतीला होणारा विरोध केवळ सीमेपलीकडच्या लाखो लोकांच्या भीतीतून येतो, हे स्पष्टीकरण इक्रितपुढे टिकत नाही.

या गावाची चळवळ हेच तुमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. निकालाचा पाठपुरावा अनेक वर्षे चालला. गावच्या दफनभूमीत मृतांना पुरण्याची परवानगी सत्तरच्या दशकात मिळाली, म्हणजे मेल्यावर परतता येते, जिवंतपणी नाही, अशी विचित्र अवस्था आली. मुलांसाठी उन्हाळी शिबिरे भरू लागली, आणि २०१२ मध्ये तिसऱ्या पिढीतल्या काही तरुणांनी शिबिर संपल्यावर घरी न जाता चर्चलगतच्या खोलीत पाळीपाळीने मुक्काम ठोकला. त्यांनी लावलेली रोपे सरकारी माणसांनी उपटून नेली, तरी मुक्काम हलला नाही. शेजारच्या कफ्र बिरिमची कथा जवळपास हीच आहे. अशा अंतर्गत विस्थापितांची समिती १९९८ पासून इस्रायलच्या स्वातंत्र्यदिनी जवळपास दरवर्षी एका वेगळ्या उजाड गावाकडे मोर्चा नेते.

सागरगोटे

तुमच्या शेवटच्या प्रश्नाला लेबनॉनचे उदाहरण सर्वांत जवळचे आहे. तिथे बारा अधिकृत छावण्या आहेत. वकिली, वैद्यकी, अभियांत्रिकी अशा व्यवसायांची दारे पॅलेस्टिनींना बंद आहेत आणि २००१ च्या कायद्याने त्यांना स्थावर मालमत्ता विकत घेण्यासही मनाई केली. ‘तौतीन’ला, म्हणजे निर्वासितांना कायमचे वसवून घेण्याला, विरोध हे यामागचे अधिकृत समर्थन आहे. निर्वासितांच्या परतीविषयी एवढी काळजी असणाऱ्यांनी त्यांना गवंडीकामापुरते का ठेवावे, हा प्रश्न छावण्यांतल्या संघटना उघडपणे विचारतात. जून २०१० मध्ये हजारो पॅलेस्टिनी आणि त्यांच्यासोबत अनेक लेबनीज नागरिक संसदेकडे चालत गेले; ऑगस्टमध्ये कायदा बदलून कामाच्या परवान्याचे शुल्क माफ झाले, पण वरचे व्यवसाय बंदच राहिले. कामाचा हक्क आणि परतीचा हक्क या दोन्ही मागण्या त्यांनी एका दमात मांडल्या. ज्याच्या मुलाला शिकून नोकरी नाही तो परतीपेक्षा युरोपच्या वाटेचा विचार अधिक करतो, हे त्यांचे म्हणणे मला पटते.

कोरा_कागद

दुसरी बाजूही प्रास्ताविकात यावी. आमसभेचा ठराव बंधनकारक नसतो, आणि १९४८ मध्ये अरब राष्ट्रांनी याच ठरावाविरुद्ध मत दिले होते. नोंदणीकृत निर्वासित आज सुमारे एकोणसाठ लाख आहेत. ते सगळे परतल्यास ज्यू बहुसंख्येचे राष्ट्र उरणार नाही, ही इस्रायलची भीती निराधार म्हणता येत नाही. शिवाय इराक, येमेन, इजिप्त इथून बाहेर पडलेल्या ज्यूंची घरेदारेही गेली, त्यांचा हिशेब कोणी मांडायचा?

उत्तररात्र

अरब राष्ट्रांच्या मताची आठवण रास्त आहे. बगदादच्या ज्यूंची गोठवलेली मालमत्ता त्यांना मिळावी, असे मलाही वाटते. पण तो दावा इराककडे आहे, इक्रितच्या शेतकऱ्याने त्याची फेड का करावी? निर्वासितांच्या मुला-नातवंडांचीही नोंदणी होत असल्याने हा आकडा फुगतो, असा एक आक्षेप घेतला जातो; तो मात्र कच्चा आहे, कारण दीर्घकाळ चिघळलेल्या अफगाण किंवा सोमाली विस्थापनातही निर्वासितांच्या मुलांना निर्वासितच मानले जाते. संख्येची भीती खरी असली तरी इस्रायलचा १९५० चा परतीचा कायदा जगातल्या कोणत्याही ज्यूला तिथे येऊन नागरिक होऊ देतो, तेव्हा अडचण नुसत्या जागेची नाही.

आपल्याशी संबंधित एक गोष्ट प्रास्ताविकात जरूर घ्यावी. कोकणातून गेलेले अनेक बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, लोद आणि रामला या शहरांत स्थिरावले, आणि जुलै १९४८ मध्ये याच दोन शहरांतून हजारो पॅलेस्टिनींना भर उन्हात पायी बाहेर काढण्यात आले होते. पोटापाण्यासाठी आणि धर्मश्रद्धेने तिथे गेलेल्या मराठी कुटुंबांवर याचा ठपका ठेवण्याचे कारण नाही, पण त्या गावांचा इतिहास त्यांच्या येण्यापासून सुरू होत नाही.

मिरजेचा_वाचक

इक्रित आणि लेबनॉन दोन्ही घेतो. मालमत्तेच्या दाव्यांना कागदोपत्री आधार काय आहे, तेवढे कोणी सांगावे.

सागरगोटे

आधार भक्कम आहे. ठराव १९४ ने नेमलेल्या सलोखा आयोगाने १९६४ पर्यंत पॅलेस्टिनींच्या जमिनींच्या तुकड्यागणिक नोंदी तयार केल्या. पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी काम करणाऱ्या यूएनआरडब्ल्यूए या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेकडे कुटुंबांची नोंदणीपत्रे आहेत, आणि बेथलेहेममधली ‘बदिल’ ही संस्था १९९८ पासून विस्थापितांचे हक्क कायद्याच्या भाषेत मांडते आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये इस्रायलच्या संसदेने यूएनआरडब्ल्यूएच्या कामावर बंदी घालणारे कायदे केले, तेव्हा शाळा-दवाखान्यांबरोबर त्या नोंदणीपत्रांचीही चिंता अनेकांना वाटली. बैठकीत वेळ उरला तर सलोखा आयोगाचे काय झाले हेही सांगा. तो रीतसर बरखास्त झालेला नाही आणि दरवर्षी आमसभेला दोन-चार ओळींचा अहवाल देतो.